बारशाचा स्वेटर, गडीमाणसाच्या मापाचा

रंगूआत्यानं भावाच्या घरावर करणी केलीय, असं आमच्या रहिमतपुरात सगळा हिवाळा चाललं होतं. शेजारच्या सुलाबाई डोळे मोठे करून सांगायच्या, "बया, बाळाचा स्वेटर इनतीया, पन छाती बघ, गडीमानसाची! असलं बाळ कुटं असतंय व्हय?"

करणीबिरणी काही नव्हती. स्वेटर होता तिच्या भाच्याचा, धैर्यशीलचा. बाळाचा पहिला स्वेटर आत्यानं विणायचा, हा तिच्या माहेरचा मान. पण माहेरच्या जमिनीवरचा हक्क सोडायला रंगूआत्या नाही म्हणाली, आणि भावानं, दादासोंनी, तिला बारशालाच बोलावलं नाही. सही दिली नाही म्हणून बहिणीचा मान काढून घ्यायचा, ही कुठली पद्धत? ते बाळ आता मिशा फुटून सैन्यात भरती झालं, तरी आत्याचा राग ताजाच.

"आत्या, मोबाईलवर मोठ्यांचे नमुने ढीगभर आहेत," समोरच्याच घरात राहणारी मी म्हटलं.

"मोठ्यांचा कशाला? माजा मान बारशाचा हाय. छातीवर बदकं येनार, खांद्याला बटनं येनार. एक सोडनार न्हाई!"

"मग सगळे टाके तिप्पट कर."

अशी भडकली! "व्हय गं शानी? छाती वाढली तसं टकुरं वाढतंय का? गळा तिप्पट केला तर पोरगं गळ्यातनंच खाली पडंल!"

तिनं जाड लोकरीची वीतभर पट्टी विणली आणि वितीत किती टाके बसतात ते पाहिलं. पण माप कुणाचं घ्यायचं? धैर्यशीलला तिनं एका लग्नात लांबून पाहिलेलं, तेवढंच. मग त्याच अंगलटीच्या बिरदेव दूधवाल्याला दारात धरलं.

"आवं आत्या, म्हशी खोळंबल्यात!"

"खोळंबू देत. मी ईस वर्सं खोळंबलीया. हात वर कर."

बदकं ताणली तर बगळे होतील, म्हणून तिनं बदकांची संख्या वाढवली. एकदा बाहीचा मुंडा काखेत आवळ झाला. दादासोंना शिव्या घालत तिनं तो उसवला आणि शिव्या घालतच परत विणला.

धैर्यशील ट्रेनिंगला निघायच्या दिवशी आम्ही दोघी, न बोलावता, दादासोंच्या घरी फलटणला जायला एसटीत बसलो.

"बापासमोर तो हे अंगात घालणार नाही," मी म्हटलं. "पैज."

"लाव. हरलीस तर मी सांगंन ते काम."

अंगणात माणसंच माणसं. दादासोंनी आत्याच्या हातातल्या पिशवीत डोकावलं. "आक्का, चारचौगांत हसं करतीस काय माजं?"

"माजं हसं तू केलंस, दादासो. सगळ्या भावकीला बोलावलंस, मला न्हाई."

धैर्यशीलनं बापाकडं पाहिलं, मग आत्याकडं. ऐन मे महिन्यात त्यानं तो स्वेटर डोक्यातून चढवला. डोकं गळ्यातून बरोबर बाहेर आलं. घाम पुसत तो वाकला, खांदा पुढं केला. "आत्या, बटनं लाव की."

आत्यानं लावली. लावताना बघत होती मात्र दादासोंकडं.

परतीच्या एसटीत मी विचारलं, "काम काय?"

"धैर्यशीलच्या पाठची भन हाय, क्रांती. तिच्या बी बारशाला कुनी इचारलं न्हाई मला."

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी दोन्ही हात पुढं करून बसते. हातांवर लोकरीची लड, समोर गुंडा करणारी आत्या. "हात खाली पाडू नगंस," ती खेकसते, "पैज कुनी लावली व्हती?"