खाली आलेले हात

कल्पना करा, तुम्ही मुष्टियुद्धाच्या रिंगणात आहात आणि समोरचीचे हात खाली आलेत. तुम्ही धावून जाल ना? थोरलीने मुद्दाम हात खाली सोडून समोरचीच्या याच घाईवर नाव कमावलं होतं. मुष्टियुद्ध शिकवणाऱ्या उस्तादांचा नियम खरा होता: दमलं की हात खाली येतात. बाकीच्या तो उलटा वाचायच्या: हात खाली आले, म्हणजे दमलीच. त्या झेपावायच्या आणि थोरलीच्या डाव्या ठोशाने कुणाचं नाक फुटायचं, कुणाचा जबडा निखळायचा.

अंतिम लढतीत समोर सख्खी धाकटी बहीण आली. शेवटच्या फेरीत तिने थोरलीची भुवई फोडली, बरगड्या शेकून काढल्या. एका डोळ्यात रक्त उतरलं आणि थोरलीचे हात खरोखरच गळाले. आणखी एका ठोशात ती आडवी झाली असती. पण धाकटी जागची हलली नाही. घंटा झाली. आधीच्या फेऱ्यांच्या गुणांवर थोरली जिंकली.

भुवईला टाके पडल्यावर धाकटी म्हणाली, "ताई, तुझी नाटकं मी लहानपणापासून बघतेय. हात खाली म्हणजे दमलीच, असं थोडंच असतं?"

"आणि माझी धाप? ती नाही ऐकू आली?"

धाकटीने बर्फाची पिशवी तिच्या गालावर दाबली. "बोलू नकोस. टाके उसवतील."

टाके केव्हाच निघाले. थोरलीला अजून कळत नाही: धाकटी फसली, की तिने मला सोडलं?