शेवटच्या रांगेतली खुर्ची

बेसमामांचा कानावर विश्वास नव्हता. आमच्या नांदेडच्या भीमगीतांच्या ऑर्केस्ट्रात ते बेस गिटार वाजवायचे, मी कोरसमध्ये गायचे. कार्यक्रमाआधी ते मला मैदानाच्या शेवटच्या रांगेत पाठवायचे. "माय, लोखंडी खुर्चीच्या पाठीला हात लाव. थरथरली तर हात वर कर." मी हात वर केला की मगच सुरुवात.

त्यांच्याकडे दोन गिटारी होत्या, दोन्ही जुन्या घडणीच्या, चार तारांच्या. थोरली जाड मानेची. तारांखाली आवाज पकडणारा एकच चुंबक, दोन तुकड्यांत कापलेला. आवाज एकच, ठोस. धाकटीची मान बारीक, कंबर तिरकी, चुंबक दोन. बटणं फिरवली की आवाजाचा पोत बदलायचा. "थोरली घर उचलून धरती, धाकटी घरात बोलती," मामा म्हणायचे. ते एकटेच राहायचे. घरात बोलणारं दुसरं कोणी नव्हतं.

कीबोर्डवाल्यानं एकदा पाच तारांच्या चकचकीत गिटारीचा फोटो दाखवला. मामांनी चष्मा लावून नीट पाहिला. "छान हाय. पण ह्या दोघींचे आकार पहिल्या खेपेलाच बरोबर जमले. साठ-सत्तर वर्षं झाली, लोक अजून तेच बनवून राहिलेत. मांडीवर घे, कळंल."

"मामा, मांडीवर नातू घ्यायचं वय झालं तुमचं," कीबोर्डवाला हसत म्हणाला.

मामाही हसले. त्यांनी लग्नच केलं नव्हतं.

पुढे कीबोर्डवाल्याचा डावा हातच बेस वाजवू लागला. हदगावच्या कार्यक्रमात ऑर्केस्ट्राच्या मालकांनी मामांच्या गिटारीची लाइन साउंड मिक्सरवरच बंद ठेवायला लावली. "बसू दे त्यांना. सांगू नको," मला म्हणाले. मी शेवटच्या रांगेत गेले. खुर्ची थरथरत होती, पण कीबोर्डनं. मी हात वर केला.

मामा शेवटच्या गाण्यापर्यंत वाजवत राहिले. नंतर तारा पुसताना म्हणाले, "थोरली आज मुकी होती, माय."

"कळलं तुम्हाला?"

"पहिल्याच सुराला. पण तुझा हात वर दिसला, मग वाजवलं."

मी माफी मागितली नाही. तेव्हा सुचलंच नाही.

आठवड्यानं ते थोरली घेऊन माझ्या दारात आले. "ही तू ठेव. धाकटी मी नेतो, ती बोलती." धर्माबादला खोली घेऊन राहिले आणि दोन वर्षांनी तिथंच वारले. आम्हाला महिन्याभरानं कळलं.

आता मी लातूरला असते. गिटार मला वाजवता येत नाही. अधूनमधून थोरली पुसते, लाकडावर तळहात ठेवून सगळ्यात जाड तार ओढते. गिटार थरथरते. माझा हात वर जातो. बघायला समोर कोणी नसतं.