शेषराव गुरुजींची कार्डं

शेषराव गुरुजी शिरड शहापूरच्या आमच्या शाळेत गणित शिकवायचे, मी मराठी. गाव त्यांना गुरुजी म्हणायचं, पण प्यायला पाणी वरून ओंजळीत ओतायचं. ते इतकं रोजचं होतं, की मलाही त्यात काही दिसत नव्हतं. सोमवारी औंढ्याला नागनाथाला जाऊन यायचं, उपास धरायचा, आपण कुणाचं वाईट करत नाही असं समजायचं, एवढाच माझा धर्म.

गुरुजींना आकड्यांचं वेड. कुठल्याशा जुन्या मासिकात त्यांनी वाचलं, की परदेशात गणकयंत्रं भोकं पाडलेल्या कार्डांवर चालतात. "यंत्र न्हाई तर न्हाई बाई, दाभण तर हाय," म्हणाले. वह्यांच्या पुठ्ठ्यांची सारखी कार्डं कापली. एका मुलाचं एक कार्ड, वरच्या काठाला ओळीनं भोकं. पहिलं भोक पाचवीचं, दुसरं नापासांचं, तिसरं दुरून चालत येणाऱ्यांचं. ज्याला जे लागू असेल, ते भोक कात्रीनं काठापर्यंत उघडं करायचं. मग सगळा गठ्ठा धरून एका भोकातून पोतं शिवायचं दाभण घालायचं आणि उचलायचं. उघड्या भोकाची कार्डं गळून पडत, बाकीची दाभणावर लटकून राहत. पडलेल्यांत पुन्हा दुसऱ्या भोकातून दाभण घातलं, की पाचवीतले नापास तेवढे वेगळे निघत.

घरी चांगुणाबाई, त्यांची बायको, ऐकता ऐकता पेंगायची. "हे बोलावं असं माणूस भेटत न्हाई बाई," गुरुजी मला म्हणायचे.

चौऱ्याहत्तर साली वसमतला गणित शिक्षकांचा तीन दिवसांचा मेळावा भरला. कार्यवाह होते तातेराव, तिथले एक मुख्याध्यापक. त्यांच्या कानावर कार्डांची गोष्ट गेली आणि नावनोंदणी त्यांनी गुरुजींकडेच दिली. माझं अक्षर बरं, म्हणून मदतीला मी. एकशे बारा कार्डं झाली. आठ भोकं तालुका, इयत्ता, मुक्काम असल्या गोष्टींची. मग तातेरावांची चिठ्ठी आली, नववं भोक मागासवर्गीयांसाठी ठेवा. सरकारी कागदावर तो रकाना असतोच. गुरुजींनी स्वतःच्या कार्डाचंही नववं भोक नीट कापलं.

पहिला दिवस त्यांच्या आयुष्यातला मोठा दिवस होता. माणसं टेबलाला चिकटून उभी. जवळा बाजारचे ग्यानबा मास्तर तर गुडघ्याला गुडघा लावून बसले.

"गुरुजी, काहून लपवून ठेवलं हो इतके दिवस?"

"लपवलं न्हाई. कुणी इचारलंच न्हाई."

"आमच्या घरधनिणीचं एक कार्ड करून द्या. रुसायचं भोक कोणतं, ते तेवढं दाखवा."

"तिला एक भोक पुरायचं न्हाई मास्तर, पुठ्ठा वाढवावा लागंल."

गुरुजी मोठ्यानं हसले. सात वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. पुढ्यातला चहा तसाच निवला. संध्याकाळी मला म्हणाले, "बाई, ही माझी माणसं. ग्यानबा दिवाळीत घरी येतो म्हणाले."

त्या दिवशी ज्याची त्याची शिदोरी होती. दुसऱ्या दिवसापासून मेळाव्याची पंगत. दुपारी तातेरावांनी गुरुजींना मंचावर बोलावलं.

"गुरुजी, नववं भोक काढून दाखवा बरं."

गुरुजींनी दाभण घातलं, उचललं. अठरा कार्डं पडली. टाळ्या झाल्या. तातेरावांनी ती कार्डं गोळा केली आणि वाढप्याच्या हातात दिली. "यांची पंगत मागून, हौदापलीकडं. नावं वाच."

वाढप्यानं नावं वाचली. चौथं नाव गुरुजींचं होतं.

बाकीचे हात धुवायला उठले. ग्यानबा जाता जाता थांबले आणि खरोखर कौतुकानं म्हणाले, "एकबी चुकलं न्हाई गुरुजी. बराबर चालतं तुमचं."

मी पहिल्या पंगतीत जेवले.

तिसऱ्या दिवशी शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. त्यांना आवडेल ते साधन औरंगाबादच्या प्रदर्शनाला जायचं होतं. सकाळी मी टेबलापाशी आले तेव्हा गुरुजी कात्री घेऊन बसले होते. एकेका कार्डाचं नववं भोक उघडं करत होते. तातेरावांचं, ग्यानबांचं, माझंही.

साहेबांसमोर तातेरावांनी तेच भोक काढायला सांगितलं. गुरुजींनी दाभण उचललं. एकशे बाराच्या एकशे बारा कार्डं खाली पडली.

"बिघडलं की काय गुरुजी?"

"न्हाई. आता बराबर हाय."

सगळे हसले. साहेबही हसले आणि पुढच्या टेबलाकडे वळले. ग्यानबा शेजारच्याला सांगत होते, "काल चालत होतं हो. पुठ्ठा नरम पडला असंल." गुरुजी वाकून कार्डं वेचत होते. का पडली ते मला ठाऊक होतं. मी सांगितलं असतं तर साहेबांना ऐकावं लागलं असतं. मी पदर सावरून बसून राहिले.

दिवाळीत चांगुणाबाईनं करंज्या केल्या. ग्यानबा आले नाहीत. गुरुजींना पुन्हा कुठल्या मेळाव्याचं बोलावणं आलं नाही. शाळेत ते खडू आणि फळ्यावर शिकवत राहिले, आणि माझ्याशी बोलत ते घंटा झाली एवढं सांगण्यापुरतं.

मेळावा मात्र दरवर्षी भरला. नोंदणीची ती रीत तातेरावांना सोयीची वाटली होती आणि गुरुजींशिवाय कार्डं कापता येणारी मीच होते. पुढची पाच वर्षं ती मी कापून दिली, नऊच्या नऊ भोकांची.