हॅनफिन मास्तरांचं पाचवं प्रकरण

फिन्टन हॅनफिन मास्तरांचं लिखाण मी अकरा वर्षं टाइप केलं. माझं काम खरं पोस्टाचं. काउंटरवर कुणी नसेल तेव्हा बोटं चालवायची, एवढंच ठरलं होतं. पण अकरा वर्षांत जुन्या देवदेवतांचा मला इतका कंटाळा आला, की रविवारी चर्चमध्ये संतांची नावं ऐकली तरी जांभई यायची. मास्तरांच्या मते आमचे निम्मे संत म्हणजे कपडे बदललेले जुने देवच. हे त्यांनी पाद्रीबाबांनाही ऐकवलं होतं, त्यामुळे तिकडून चहाची बोलावणी बंद झाली होती.

किलदूनाच्या आमच्या शाळेतून मास्तर निवृत्त झाले, त्याच वर्षी त्यांची बायको गेली, आणि त्यांनी सायकल बाहेर काढली. ब्रिजिड, लू असल्या आयर्लंडभर ठाऊक असलेल्या बड्या देवांच्या वाटेला ते गेले नाहीत. "त्यांच्यावर लिहायला डब्लिनमध्ये खंडीभर विद्वान बसलेत," म्हणायचे. त्यांना हवे होते लहानसहान देव, एखाद्या ओढ्याचे नाहीतर टेकडीचे. त्यांचं फक्त नाव उरलेलं असायचं, आणि ते नाव का पडलं हे सांगणारी दोन-चार म्हातारी माणसं. ती मरायच्या आत गाठायची. पावसात, समोरच्या वाऱ्यात, चढावर सायकल ढकलत. एकेका नावासाठी तीन-तीन खेपा व्हायच्या. पहिल्या खेपेला म्हातारा हवामानावर बोलणार, दुसऱ्या खेपेला गुडघ्यावर, तिसरीला कुठे देवावर. सत्तरी उलटलेल्या माणसाचे नाकी नऊ यायचे. परत आले की माझ्या शेगडीपाशी इतके थकून बसत, की बुटाची नाडी सोडायलाही त्यांना वेळ लागे.

पहिली चार प्रकरणं म्हणजे नुसत्या याद्या. पाचवं रीनाखचं.

रीनाखची विहीर आमच्या गावाबाहेर आहे. मास्तरांचं म्हणणं, हे नाव 'राणी' या अर्थाच्या जुन्या शब्दावरून आलं, आणि ही राणी कुणी बाई नव्हे, या भूमीची देवी. नवा राजा विहिरीवर यायचा, ती ज्याला आपल्या ओंजळीतून पाणी पाजेल तोच राजा व्हायचा. चार वाड्यांवरच्या चार म्हाताऱ्यांनी ही गोष्ट त्यांना सांगितली होती, आणि चौघांचं एकमेकांकडे जाणंयेणं नसूनही गोष्ट तीच, ओंजळीसकट. डब्लिनच्या लोकसाहित्य मंडळाने पुस्तक छापायचं कबूल केलं ते या प्रकरणासाठीच. शुक्रवारच्या टपालाने सगळं रवाना करायचं होतं. मास्तरांना आयुष्यात दुसरं काही उरलं नव्हतं, हे मी आपलं सरळ सांगून टाकते.

आता आमच्या लोकांची एक खोड सांगायला हवी. मास्तर प्रत्येकाला विचारत, "हे कुणाकडून ऐकलंत?" आणि प्रत्येकजण म्हणे, "जुन्या माणसांकडून." आमच्याकडे दुसरं उत्तरच नाही. नाहीतर चुलीपाशी त्या गोष्टीला किंमत राहत नाही. माझ्या नवऱ्याने वर्तमानपत्रात वाचलेला खोकल्याचा काढा आठवड्याभरात त्याच्या आजीचा झाला होता. मास्तर इथलेच, त्यांना हे कळायला हवं होतं. पण आपलं पोर ते गुणाचं पोर, आणि हे प्रकरण त्यांचं लाडकं.

बुधवारी एका शब्दाची खात्री करायला त्यांना टायग क्रोहनकडे जायचं होतं. सायकल पंक्चर, म्हणून टपालाची गाडी मी काढली. टायग चौघांतला सर्वांत म्हातारा, एक्याऐंशीचा. त्याची मुलगी नॅन टेबलावर पाव कापत होती. मास्तरांनी पान वाचून दाखवलं.

"अगदी बरोबर," टायग मान डोलावत म्हणाला. "ओंजळीतनं पाणी. जुनी माणसं सांगायची."

नॅन फिसकन हसली. "कसली जुनी माणसं, बाबा! मी सांगितली ना तुम्हाला, शाळेतनं घरी आल्या आल्या. मास्तरांनीच सांगितली होती वर्गात. काय गं डेलिया? तू तर माझ्या शेजारीच बसायचीस."

"तोंड आवर. माझ्या आजीची गोष्ट आहे ती."

"तुम्ही पाच वर्षांचे होतात तेव्हा गेली ती."

"मग? पाच वर्षांच्या पोराला कान नसतात होय?"

"असतात की. तेव्हाच असतात, पुढे जातात," नॅन म्हणाली. "चहा घ्या मास्तर, निवतोय."

मास्तरांनी चहाला हात लावला नाही. "नॅन, बाकीच्या तिघांची मुलं कोणत्या वर्गात होती गं?"

"आमच्याच की. सगळी एका बाकावर."

परतताना मास्तर ते पान पुन्हा पुन्हा वाचत होते. मग म्हणाले, "डेलिया, मला खरंच आठवत नाही. सांगितली असेन मी. पण कुणाकडून तरी ऐकूनच सांगितली असेन ना? तू होतीस तिथे. मी काय म्हणालो होतो?"

मी गाडी कडेला घेतली. मला सगळं आठवत होतं. सन एकतीसचा हिवाळा. आम्ही घरून आणलेल्या, दलदलीतल्या मातीच्या जळणाच्या विटा ओल्या, वर्गभर धूर, थंडीने लहानगी रडत होती. मास्तरांनी सगळ्यांना जवळ घेऊन ही गोष्ट सांगितली. नॅनने विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितली?" तर ते हसून म्हणाले, "कुणी नाही, आत्ताच सुचली." पाचवं प्रकरण मी तीनदा टाइप केलं आणि तिन्ही वेळा हे मनात टोचलं. मी बोलले नाही. तेवढ्या एका प्रकरणाच्या वेळी मास्तर न बसता माझ्या यंत्राभोवती फेऱ्या मारत, आणि मला ते बघायला आवडायचं.

एक थाप मारली असती तर काम झालं असतं. 'कुणा म्हातारीने सांगितली म्हणालात', एवढंच. कुणाचं काय बिघडणार होतं? पण या माणसाने मला वाचायला शिकवलं होतं.

"तुम्ही म्हणालात, आत्ताच सुचली."

त्यांनी मान हलवली. मग अगदी हळू विचारलं, "बरी होती का गोष्ट?"

"बरी म्हणजे! थंडी विसरलो होतो आम्ही."

शुक्रवारी पुडकं गेलं ते पाचव्या प्रकरणाशिवाय. त्याच्या जागी अर्धं पान होतं. रीनाख, नावाचा अर्थ अनिश्चित. विहिरीवर सांगितली जाणारी गोष्ट गावच्या शाळामास्तराने रचलेली. ते मीच टाइप केलं. टायग पोस्टात येऊन माझ्यावर ओरडला, की मास्तरांना म्हातारचळ लागलाय, आमची पिढीजात गोष्ट ढापतायत. महिन्याभराने मंडळाचं तीन ओळींचं पत्र आलं. नुसत्या याद्या छापणं परवडणार नाही.

मास्तरांनी ते काउंटरवर वाचलं, घडी घातली, आणि खुर्ची ओढली.

"आज टाइप करायला काही आणलं नाही, डेलिया. नुसता बसतो थोडा."

अकरा वर्षं मी हे वाक्य ऐकायची वाट बघत होते. मी तिकिटांचा खण उघडला आणि त्यात डोकं घालून रडले.