राहून गेलेली नळी
भर वैशाखात उल्का बर्वे स्वेटर घेऊन घराबाहेर पडत, त्यावर बिबवेवाडीतल्या त्यांच्या सोसायटीत दोन मतं होती. एक, बाईंचं डोकं फिरलंय. दुसरं, स्वेटर पुरुषाचा आहे. दुसरं मत चविष्ट, म्हणून त्याला बहुमत. खरं कारण अगदीच बेचव निघालं: प्रयोगशाळेतली थंड खोली, चार अंश. तिथे उभ्या राहून ताई जिवाणूंच्या रसातून एकेक प्रथिन वेगळं करत.

नऊ वर्षं त्या एकाच एन्झाइमच्या मागे होत्या. परका डीएनए कापायला जिवाणूकडे कात्री असते. ती घरच्या डीएनएवर चालू नये म्हणून हे एन्झाइम त्याला मिथाइल नावाच्या रासायनिक गटाचा टिळा लावतं. टिळा दिसला की कात्री गप्प. ताईंचं एन्झाइम घातलं की कात्री लावूनही डीएनए अखंड राही. म्हणजे टिळा लागत होता. सन दोन हजारात प्रबंध टाइप होऊन आला. सॉफ्टवेअरवाला चुलतभाऊ अमेरिकेहून फोनवर विचारी, "काय गं, झालीस का डॉक्टर? इथे दोन वर्षांत घर झालं माझं." ताई म्हणत, "तुझ्या घराला परीक्षक नव्हते."

मग परभणीचा वैजनाथ काम शिकायला आला.

"ताई, मिथाइल न घालता एक नळी लावली. तिच्यातबी डीएनए तसाच हाय."

"नळ्या बदलल्या असशील. परभणीत लेबलं लावत नाहीत का?"

"लावतात की. म्हणून तीनदा केलं."

टिळ्याचं सामानच नाही, तर टिळा लागला कसा? म्हणजे कात्री दुसऱ्याच कशानं तरी अडत होती. कशानं, ते ताईंना ठाऊक होतं. शुद्ध केलेलं एन्झाइम मिठात भिजलेलं निघतं. पातळ पिशवीत बांधून ते मोठ्या भांड्यातल्या द्रावणात ठेवायचं आणि द्रावण दोनदा बदलायचं, म्हणजे मीठ निघून जातं. पण आईची एक बाजू लकव्यानं गेलेली, आणि तिला सांभाळणाऱ्या यमुनाबाई सातच्या ठोक्याला निघत; त्याआधी ताईंना घर गाठावं लागे. दुसरी बदली राहून जाई. मिठानं कात्री अडते, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं.

आणि ती बिनमिथाइलची नळी? ताईंनी पहिल्याच वर्षी लावली होती. तेव्हाही डीएनए अखंडच होता. काहीतरी चुकलं असेल म्हणून त्यांनी त्या डीएनएचा फोटो वहीतून फाडून टाकला होता.

त्या दिवशी त्यांनी यमुनाबाईंना हातापाया पडून थांबवलं आणि द्रावण तीनदा बदललं. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिलं, तर मिथाइल घातलेला, न घातलेला, सगळाच डीएनए तुकडे तुकडे. म्हणजे टिळा कधी लागलाच नव्हता.

ताईंचे मार्गदर्शक असलेल्या माधवसरांनी त्या तुकड्यांचा फोटो उजेडात धरला. "सोमवारी प्रबंध द्यायचाय, बर्वे. हा कुणी बघितलाय?"

"मी."

"तुम्हाला मी शहाण्या समजत होतो."

"मीसुद्धा." ताईंनी प्रबंध मागे घेण्याचं पत्र पुढे केलं.

सरांनी ते वाचलं. "फोटो फाडल्याचं कशाला लिहिलंत? नुसत्या मिठावर निभावलं असतं."

"नऊ वर्षं त्याच्यावरच निभावलं, सर."

सरांनी सही केली, पेनाला टोपण लावलं. "थंड खोलीची किल्ली टेबलावर ठेवा."

चार वाजता ताई घरी पोचल्या. आई उशीवरून म्हणाली, "आज लवकर गं?"

"हो," ताई चपला काढत म्हणाल्या. "आता रोजच."