उन्हाच्या उबेचा शब्द

आंघोळ झाली, कपाळावर विभूती ओढली, की महालिंगप्पा लोखंडी खुर्ची अंगणात काढायचे. बसण्याआधी तळहात टेकवून ती किती गार आहे ते पाहायचे, गोणपाट अंथरायचे आणि ऊन सरकेल तशी खुर्ची भिंतीच्या कडेनं सरकवत दुपार करायचे. जन्मभर कळंबच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मापाडी होते. काम सुटल्यावर थंडीत एवढाच उद्योग उरला होता. आम्ही शेजारी. एम.ए.ची पुस्तकं घेऊन मीही त्यांच्या पायरीवर बसायचे.

"काय घावलं गं आज?" अप्पा विचारायचे.

एकदा मला अ‍ॅप्रिसिटी हा शब्द सापडला. हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब. चारशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रजी कोशात तो आहे; पण लोकांच्या तोंडी बसला नाही, मागे पडला. मूळ लॅटिन. अप्रिकस, म्हणजे उन्हाला उघडं असलेलं.

"टाकून दिला?" अप्पा म्हणाले. "आधीच त्यांच्याकडं ऊन कमी, त्यात शब्द बी ठिवला न्हाय!" मग आत तोंड करून, "आगं ए, मी अ‍ॅप्रिसिटीत बसलोय. च्या हितंच आण."

"बसा पापडावानी," गिरिजाबाई आतून म्हणाल्या. "वाळला की डब्यात भरते."

त्याच हिवाळ्यात, मार्गशीर्षातल्या एका सकाळी अप्पा खुर्चीतच एका अंगाला कलले. धाराशिवच्या दवाखान्यातून परतले तेव्हा उजवी बाजू आणि वाचा, दोन्ही गेल्या होत्या. अंगावरून वारं गेलं, असं आमच्याकडं म्हणतात. आणि एकदा गेलं की त्या माणसाला पुन्हा वारं लागू देत नाहीत. मुलगा बसवराजनं खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या, दाराला जाड चादर लावली.

चादरीखालून उन्हाची एक रेघ फरशीवर यायची. अप्पा डावा हात तिकडं न्यायचे. गिरिजाबाई पाण्याचा पेला पुढं करायच्या, मग उशी सारखी करायच्या. हात पुन्हा तिकडंच.

"काकी, ऊन मागतायत ते," मी म्हणाले. "डॉक्टरांनीसुद्धा उन्हात बसवा म्हणून सांगितलंय."

"डॉक्टरला काय जातंय?" बसवराज म्हणाला. "गोरोबामामाला असंच अंगणात बसवलं, अन् दुसरा झटका आला. म्या डोळ्यानं बघितलंय."

गिरिजाबाई खाली बघत म्हणाल्या, "कळतंय गं मला बी. पन पुन्हा वारं गेलं तर? तू सांग."



मग त्या रोज घोंगडी अंगणातल्या खुर्चीवर तापवायला टाकू लागल्या. तापली की छातीशी धरून आत न्यायच्या आणि अप्पांच्या अंगावर घालायच्या. ते डोळे मिटायचे. थोड्या वेळानं हात पुन्हा त्या रेघेकडं जायचा. एकदा मी त्यांच्या कानाशी तो शब्द म्हणून पाहिला. माझ्याकडं जरा वेळ बघितलं त्यांनी, मग दाराकडं.

माघात ते गेले.

लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत, बसवतात. बसवराजनं वडलांना दोन्ही हातांवर उचलून अंगणात आणलं आणि त्याच भिंतीला टेकवून बसवलं. विभूती, फुलं. तोंडावर भरपूर ऊन. वारंही होतं, शालीचं टोक सारखं उडत होतं. कुणी ते धरलं नाही. गिरिजाबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर तळहात टेकवला आणि तसाच राहू दिला.

अप्पांचं शेवटचं बोलणं मी ऐकलं होतं. कलण्याआधी, त्या सकाळी. भिंतीवरचं ऊन पुढं गेलं होतं.

"जरा उठ गं, खुर्ची तिकडं घेऊ. सावली आली."