रेषेखालचा पूल

माझी वहिनी चालताना समोर बघत नाही, खाली बघते. पायाखालची फरशी हलली की थांबते, टाचेने दाबून पाहते आणि मगच पुढे जाते. लग्नानंतर ती आणि दादा पहिल्यांदा फिरायला गेले तेव्हाचे फोटो आमच्या घरी आहेत. त्यातल्या एकाही फोटोत वहिनीचं तोंड धड दिसत नाही, कारण ती कुठल्या ना कुठल्या पुलाच्या कठड्यावरून वाकून पुलाचं पोट बघते आहे. दादा बिचारा तिचा दंड घट्ट धरून एकटाच कॅमेऱ्याकडे बघून हसतोय. "बायको पळून जाईल म्हणून कोणी एवढं धरतं का रे?" असं मी त्याला विचारलं होतं. "पळून नाही रे, पडून," तो म्हणाला.

तिची नोकरीच तशी आहे. पालिकेत जुन्या कामांच्या दुरुस्तीचं नियोजन करणारा विभाग आहे, त्यात ती लग्नाआधीपासून आहे. माझं चष्म्याचं दुकान. लोकांना जवळचं दिसत नाही की लांबचं, एवढंच मला कळतं. मला वाटायचं, शहरात खड्डा पडतो, कोणीतरी आरडाओरडा करतं आणि कोणीतरी येऊन तो बुजवतं. वहिनीने एकदा जेवता जेवता माझी शिकवणी घेतली. प्रत्येक गोष्टीला वय असतं, भावजी. पुलाला, पाण्याच्या नळाला, गटाराला, दिव्याच्या खांबाला. इंजिनिअर तपासून येतात आणि मग आम्ही गुण देतो. किती झिजलंय, किती माणसं वापरतात, बंद पडलं तर दुसरी वाट आहे का. जितकी गरज मोठी तितके गुण जास्त. मग सगळ्यांना एकाखाली एक लावायचं आणि पैसे कुठवर पुरतात ते बघायचं. थोडे लोकांच्या करातून येतात, थोडे वरच्या सरकारकडून, आणि थोडं कर्ज, जे आपली पोरं फेडणार. पैसे संपले की तिथे रेष मारायची. रेषेच्या वर असेल त्याची दुरुस्ती यंदा, खाली असेल त्याने थांबायचं.

"म्हणजे आजारी सगळेच, आणि औषध अर्ध्यांना," मी म्हटलं.

"अर्ध्यांना मिळालं असतं तर मला झोप लागली असती," ती म्हणाली आणि माझ्या ताटात भात वाढला.

तिचा खरा राग नव्या कामांवर. नगरसेवकांना सगळं नवंकोरं लागतं. नव्या पुलाची फीत कापता येते, जुन्या पुलाचे गंजके बोल्ट बदलले तर फीत बांधायची कुठे? दर वर्षी दुरुस्तीचा पैसा कुठल्या तरी कारंज्याकडे वळायचा. वहिनीचं म्हणणं, बजेटमधला ठरावीक वाटा फक्त दुरुस्तीसाठी राखून ठेवायचा आणि त्याला कोणी हात लावायचा नाही. ती ते वरच्या साहेबांना भेटेल तिथे सांगायची, जिन्यात, लिफ्टमध्ये, त्यांच्या मुलीच्या लग्नात. साहेब तिला 'गळका नळ' म्हणायला लागले. बरीच वर्षं थेंब थेंब ऐकून शेवटी त्यांनी तो ठराव मांडला आणि तो मंजूरही झाला. नळ काही त्यानंतरही बंद झाला नाही.

अशा बाईत खोट काढायची म्हणजे अवघड. पण मी दीर आहे, माझा हक्कच आहे. तर खोट ही, की आपलं म्हटलं की वहिनी मागे सारते. पाहुण्यांना भाजीतला वरचा वाटा, आमच्या पोरांना तळाचं. एकदा गल्लीतल्या मुलांच्या धावण्याच्या शर्यतीत तिला पंच केलं. तिचा मुलगा आणि शिंप्याचा मुलगा जवळजवळ बरोबर आले. तिने शिंप्याच्या मुलाचा हात वर केला. आता पुतण्याला मिशी फुटली आहे, तरी तो ते विसरलेला नाही.

"आई, मी हातभर पुढे होतो."

"दिसलं मला."

"मग?"

"मग काय, पंच तुझी आई होती ना."

आमच्या गल्लीच्या मागून कालवा जातो. त्यावर एक अरुंद लोखंडी पूल आहे, फक्त चालत जाणाऱ्यांसाठी. सगळे त्याला छोटा पूल म्हणतात. अलीकडच्या तोंडाशी माझं दुकान. पलीकडे उतरलं की मावशीचं घर. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. तिचे पाय गेले, तेव्हापासून ती खिडकीजवळच्या पलंगावर असते. तिचं करायला एक बाई येते, पण केसांना मात्र ती आईशिवाय कोणाला हात लावू देत नाही. आई रोज दुपारी फणी घेऊन पुलावरून जायची. केस विंचरताना दोघी लहानपणीच्या कुठल्याशा निळ्या फ्रॉकवरून भांडायच्या, तो कोणाचा होता यावरून. भांडण झालं की आई खुशीत परत यायची. आईचे गुडघे पूल ओलांडण्यापुरतेच उरले होते. मोठ्या रस्त्याने वळसा घालून जायचं तर बस बदलावी लागते आणि जिने चढावे लागतात. ते तिला जमण्यासारखं नव्हतं.

पूल आमच्या डोळ्यांदेखत म्हातारा झाला. पत्रे इतके झिजले की फटीतून पाणी दिसायचं. आधी 'जड सामान नेऊ नये' अशी पाटी लागली, मग तिच्याखाली 'गर्दी करू नये' अशी दुसरी. आम्ही म्हणायचो, बघू, कधीतरी नंबर लागेल. वहिनी टाचेने पत्रा दाबून बघायची.

एका संध्याकाळी ती ऑफिसातून आली ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून आईसमोर बसली.

"आई, छोटा पूल यंदाही रेषेच्या खाली आहे. अगदी जवळ, पण खालीच. आणि यंदा काम झालं नाही तर तो बंद करावा लागेल."

"बंद म्हणजे?"

"दोन्हीकडून पत्रे ठोकणार."

"किती दिवस?"

"पैसे येतील तोवर. ते सांगता नाही येत."

आईने पदराने हात पुसले. हात कोरडेच होते. माझं डोकं फिरलं. घरातलं माणूस त्या खात्यात, आणि आमच्याच म्हातारीची वाट बंद होणार, असं काहीबाही मी बोललो. खूप बोललो.

"मी त्या खात्यात आहे म्हणूनच, भावजी," वहिनी म्हणाली. "पुलाच्या या टोकाला तुमचं दुकान, त्या टोकाला मावशी. उद्या कोणीही म्हणेल, बाईंनी दिराच्या धंद्यासाठी पूल करून घेतला. म्हणून जिथे जिथे शंका होती तिथे मी कमीच गुण धरले."

हे ती चक्क अभिमानाने म्हणाली. दादाने वर्तमानपत्र खाली ठेवलं, पुन्हा उचललं.

"शंका होती म्हणजे कुठे?" आईने विचारलं.

वहिनीने सांगितलं. माणसं दोनदा मोजली होती, एकदा कमी भरली, एकदा जास्त. तिने कमीचा आकडा घेतला. दुसरी वाट आहे का, या रकान्यात म्हाताऱ्यांसाठी 'नाही' लिहिता आलं असतं. तिने 'आहे' लिहिलं. आईने मान हलवली आणि विषय तिथेच सोडला. दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी फणी घेऊन गेली. जरा जास्त वेळ बसून आली.

यादी पक्की करण्याआधी पालिका लोकांचं म्हणणं ऐकून घेते. त्या दिवशी आईने मला दुकान बंद करायला लावलं. सभागृहात आम्ही मधल्या रांगेत बसलो. समोर पडद्यावर सगळी कामं एकाखाली एक, मध्ये लाल रेष, आणि माइकजवळ वहिनी. तिने आम्हाला पाहिलं आणि एक ओळ दोनदा वाचली. लोक उठून आपापल्या गटारांबद्दल बोलले. मग आईने हात वर केला.

"बोला, आजी," साहेब म्हणाले.

आई उठली. मला वाटलं, आता मावशी, गुडघे, फणी, सगळं निघणार. तिने त्यातलं काहीच काढलं नाही.

"मला या बाईंना एक विचारायचंय," ती म्हणाली. स्वतःच्या सुनेला ती 'या बाई' म्हणाली. "तो छोटा पूल तुमच्या घरामागे नसता, तर रेषेच्या वर असता का खाली?"

वहिनीला खोटं बोलता येत नाही. कोणाच्या घरचं जेवण फसलं असेल तर ती तोंडदेखलंसुद्धा 'छान झालंय' म्हणू शकत नाही, पाणी पिते. त्या दिवशी तिने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"वर," ती म्हणाली.

साहेबांनी चष्मा काढला. तो माझ्याच दुकानातला होता.

"मग त्या पुलावरून जाणाऱ्या बाकीच्या लोकांनी काय पाप केलंय?" आई म्हणाली. "त्यांची काही तुम्ही सून नाही. तुमचं नाव स्वच्छ राहावं म्हणून त्यांनी पाण्यात पडायचं का?"

मागे कोणीतरी हसलं, पण कोणी साथ दिली नाही म्हणून गप्प झालं. वहिनीचा चेहरा बघवत नव्हता. तिने माइक जवळ ओढला.

"चुकलं माझं," ती म्हणाली. मग तिथेच उभ्या उभ्या तिने सुचवलं, की ज्याचं घर ज्या भागात, त्याने त्या भागाचे गुण द्यायचेच नाहीत, ते दुसऱ्याने द्यावेत. साहेबांनी ते मानलं. छोट्या पुलाला गुण द्यायचं काम दुसऱ्या माणसाकडे दिलं, नव्याने मोजणी झाली आणि पूल रेषेच्या वर आला.

त्या दिवशी घरी आल्यावर दोघी स्वयंपाकघरात बराच वेळ एकमेकींना टाळत होत्या. शेवटी आईच म्हणाली, "चारचौघांत बोलले. राग आला?"

"आला."

"किती?"

"खूप."

"बरं. जेवून घे."

पूल वर आला म्हणजे दुसरं काहीतरी खाली गेलं. जुन्या बाजाराच्या दगडी पायऱ्या रेषेच्या अगदी वर होत्या, त्या घसरल्या. वहिनी स्वतः तिथे गेली आणि दुकानदारांना सांगून आली की यादी आधी चुकली होती, चूक माझी होती, आणि तुमच्या पायऱ्या आता पुढच्या वर्षी. त्यांनी तिला यथेच्छ सुनावलं. मी म्हटलं, आपणहून शिव्या खायला कशाला गेलीस? ती म्हणाली, "रेष मी मारते, मग तोंडही मीच दाखवायला नको का?" अशा वेळी मला तिचा इतका अभिमान वाटतो की मी तिची चेष्टा करायची विसरतो.

आणि मग काम सुरू झालं आणि पुलाच्या दोन्ही तोंडांना पत्रे ठोकले गेले. असं होणार हे आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. आई फणी हातात घेऊन त्या पत्र्यांसमोर उभी राहिली. "दुरुस्त करायलासुद्धा बंदच करतात?" तिने मला विचारलं.

मावशीने मदतीच्या बाईला केसांना हात लावू दिला नाही. चार-पाच दिवसांत केसांचा गुंता झाला. तेव्हा वहिनीने आईकडून फणी मागून घेतली. ऑफिस सुटलं की ती घरी न येता उलट्या दिशेची बस पकडायची, मग दुसरी, आणि मावशीच्या पलंगाशी जाऊन बसायची. यायला उशीर व्हायचा. दादा कुकर लावायला शिकला. मावशी आईला फोन करून तक्रार करायची, "तुझी सून भांग पाडते का रस्ता आखते गं? किती वेळ मोजत बसते." आई ऐकून घ्यायची आणि फोन ठेवल्यावर गालात हसायची. हळूहळू तक्रारी कमी झाल्या. मग फोनही कमी झाले.

पूल उघडला त्या दिवशी फीत नव्हती की भाषण नव्हतं. संध्याकाळच्या तोंडाला कामगारांनी पत्रे काढले आणि ते निघून गेले. आईने ठेवणीतलं लुगडं नेसलं, फणी घेतली आणि पूल ओलांडला. मी दुकानातून बघत होतो. नव्या पत्र्यावर तिची पावलं कशी खणखणीत वाजत होती. पण अर्ध्या तासाच्या आत ती परत आली आणि माझ्या दुकानातल्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली.

"काय झालं?"

"म्हणते, तुझा हात जड झालाय. म्हणते, सून कधी येणार."

मला हसू आवरेना. आई हसत नव्हती. तेवढ्यात वहिनी ऑफिसातून आली. तिच्यासाठी मी चहा मागवला. आईने उठून फणी तिच्या हातात दिली.

"जा बाई, वाट बघतेय ती. माझा नंबर आता रेषेच्या खाली गेलाय."

वहिनी गोंधळली. "आई, असं कसं? एक दिवस तुम्ही जा, एक दिवस मी."

"आणि आज कोणाचा दिवस, अशी शंका आली तर? कोणाच्या बाजूने धरशील?"

वहिनीने फणीकडे बघितलं, मग आईकडे. आम्हाला वाटलं, आता ही सवयीप्रमाणे फणी परत करणार.

"आज माझ्या," ती म्हणाली.

आईने तोंड फिरवून डोळे पुसले, आणि मग मात्र हसली. वहिनी निघालीसुद्धा. चहा आला तेव्हा ती पुलाच्या मध्यावर होती. तिथे तिने सवयीने एकदा टाच दाबून बघितली आणि भराभर पलीकडे गेली.